गॅमा किरण एका जागी गोळा करता येतात? स्फटिकांच्या भिंगाबद्दल थोडं बोलूया

उद्यमबाग_टूलरूम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बावीस वर्षं बेळगावात फौंड्रीच्या कामात आहे, आता टूलरूम बघतो. विषय आकाशाचा आहे, पण मला तो कास्टिंगच्या रेडिओग्राफीतून सापडला, म्हणून तिथूनच सुरू करतो.

महत्त्वाची व्हॉल्व्ह बॉडी असली की आत पोकळी राहिली आहे का ते बघायला गॅमा किरण मारतात. हे काम रात्रीचं. शेड रिकामी करायची, दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, मग इरिडियम-१९२ची बारीक गोळी नळीतून बाहेर काढायची. त्या माणसांकडून मी पहिली गोष्ट शिकलो ती ही, की गॅमा अडवता येतो, वळवता येत नाही. ५ मिलिमीटर शिशात निम्मे अडतात, पुढच्या ५ मिलिमीटरमध्ये उरलेल्यातले निम्मे. काचेचं भिंग नाही, आरसा नाही. फिल्मवर जे उमटतं ते चित्र नसतं, सावली असते. गोळी जवळ धरली की सावलीची कड फुगते, लांब नेली की कड नीट येते पण वेळ लागतो.

हे इतकं डोक्यात बसलं होतं की परवा 'लाउए भिंग' हा शब्द वाचला आणि दोन दिवस त्यातच गेलो. अवकाशातून येणारे गॅमा किरण स्फटिकांच्या तुकड्यांनी खरोखर एका ठिपक्यात आणतात! मला समजलं ते असं.

तांब्याच्या स्फटिकात अणूंचे थर एकसारख्या अंतरावर रचलेले असतात. त्यातल्या एका जातीच्या थरांमधलं अंतर २.०९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). ५११ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, किरणाची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेच्या गॅमा किरणाची तरंगलांबी ०.०२४३ अँगस्ट्रॉम, म्हणजे थरांच्या अंतराच्या सुमारे ८६वा भाग. किरण त्या थरांना एका ठराविक बारीक कोनात भिडला तर प्रत्येक थरावरून निघालेल्या लाटा एकमेकींत बसतात आणि किरण वळतो. हा ब्रॅगचा नियम. तरंगलांबी भागिले दुप्पट अंतर, जे उत्तर येईल तो कोनाचा साइन. इथे ०.००५८ येतो.

टूलरूमवाल्यांना हे लगेच कळेल. २०० मिलिमीटरचा साइन बार, म्हणजे कोन साधायची दोन रोलरांवरची पट्टी घ्या, एका रोलरखाली १.१६ मिलिमीटरची स्लिप, म्हणजे मापाचा ठोकळा ठेवा. झाला ब्रॅगचा कोन, एक तृतीयांश अंश. बारवर हात फिरवला तर तो तिरका आहे हे कळणारसुद्धा नाही. किरण वळतो याच्या दुप्पट, म्हणजे मीटरला ११.६ मिलिमीटर.

आता असे शेकडो तुकडे चाकाच्या धावेसारखे गोल लावायचे, प्रत्येकाचा कोन असा की त्याचा किरण मधल्या अक्षाकडे वळेल. २३ सेंटीमीटर त्रिज्येची धाव घेतली तर किरण २० मीटरवर एकत्र येतात. शोधक, म्हणजे किरण टिपून मोजणारं यंत्र, तिथे बसवायचा.

माझी शंका: एवढा खटाटोप कशासाठी? शोधकच मोठा करून का भागत नाही? कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

चिकोडी_मास्तर

अण्णा, साइन बारचं उदाहरण मी उद्याच वर्गात वापरणार आहे. तीस वर्षं फळ्यावर ब्रॅगचा नियम लिहितोय, ते हत्यार कधी डोक्यात आलं नाही.

दोन गोष्टींची भर घालतो. लाउए हे माणसाचं नाव. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांनी कल्पना मांडली की स्फटिकातल्या अणूंच्या रांगा क्ष-किरणांना जाळीसारख्या वागतील. फ्रीडरिख आणि क्निपिंग या दोघांनी प्रयोग केला. पहिला स्फटिक कशाचा होता? मोरचुदाचा! आपल्याकडे चुन्यात कालवून बोर्डो मिश्रण करतात आणि पानांवर फवारतात, तोच निळा खडा. त्यातून किरण सोडल्यावर फिल्मवर ठिपके उमटले आणि अणू रांगेत बसलेले असतात हे डोळ्यांनी दिसलं. १९१४चं नोबेल लाउए यांना, १९१५चं ब्रॅग बाप-लेकांना.

आणि दुसरी. ५११ केईव्हीच्या किरणाची तरंगलांबी म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानावरून ठरणारी त्याची कॉम्प्टन तरंगलांबी, अगदी तीच. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट्या भाराचा जोडीदार पॉझिट्रॉन एकमेकांना भेटून नाहीसे होतात, त्यांचं वस्तुमान दोन किरणांत वाटलं जातं, प्रत्येकाच्या वाट्याला ५११. म्हणून आकडा कुठेही गेलं तरी तोच.

---

निपाणी_अक्का

मास्तर, हा ५११ आकडा मी ऐकलाय. आईच्या पेट स्कॅनच्या वेळी तंत्रज्ञ समजावून सांगत होता. साखरेसारखं औषध शिरेतून देतात, त्यातून पॉझिट्रॉन निघतो, तो शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोन किरण उलट दिशांना सुटतात. हे ते तेच का?

---

चिकोडी_मास्तर

होय अक्का, तेच. काडीचाही फरक नाही. आणि आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून हाच किरण येतो. १९७०च्या दशकात फुग्यातून पाठवलेल्या उपकरणांना तो पहिल्यांदा दिसला. हिशोब मांडला तर तिथे दर सेकंदाला एकावर ४३ शून्यं इतके पॉझिट्रॉन नाहीसे होत असले पाहिजेत. ते येतात कुठून यावर अजून एकमत नाही. स्फोट झालेल्या ताऱ्यांतली किरणोत्सारी द्रव्यं, कृष्णविवरांच्या जोड्या, पल्सार म्हणजे गरगर फिरणारे मृत तारे, कृष्णद्रव्य म्हणजे न दिसणारं द्रव्य, सगळे दावेदार आहेत.

उन्हाळ्यात पहाटे दक्षिणेला विंचवाचा आकडा दिसतो, मूळ नक्षत्र. आकाशगंगेचा मध्य त्याच्या जरा वरच्या अंगाला, धनु राशीत. तुमच्या गच्चीवरूनही दिसेल ती जागा.

आई बऱ्या आहेत ना आता?

---

निपाणी_अक्का

बऱ्या आहेत. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलं, आता अंगणात बसून भांडी मोजतात. रात्री दाखवते त्यांना मूळ नक्षत्र, दिसायला लागलं की.

---

रोहिणी_खानापूर

मी मूळची खानापूरची, सध्या बाहेर अशाच शोधकांवर संशोधन करतेय. धागाकर्त्यांची शंका अगदी मुळावर बोट ठेवणारी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गॅमा खगोलशास्त्रात अडचण किरण कमी येतात एवढीच नाही. गोंगाट ही खरी अडचण आहे. अवकाशात शोधकावर चोहोबाजूंनी वैश्विक किरण आदळतात. त्यांच्या माऱ्याने उपग्रहाचं धातूकाम आणि शोधकाचा स्फटिक स्वतःच किरणोत्सारी होतो आणि आतूनच गॅमा सोडू लागतो. हा गोंगाट शोधकाच्या आकारमानाबरोबर वाढतो. भिंग नसेल तर शोधक हीच किरण गोळा करायची परात. परात दुप्पट केली की हवे ते किरण दुप्पट, पण नको ते पण दुप्पट. संवेदनशीलता फक्त वर्गमुळाने वाढते. दहापट चांगलं दिसायला शंभरपट मोठा शोधक लागेल, आणि तो कुठलंच रॉकेट नेणार नाही.

इंटेग्रल उपग्रहाचं उदाहरण घ्या. १७ ऑक्टोबर २००२ला गेला, फेब्रुवारी २०२५मध्ये त्याचं निरीक्षण थांबलं. त्याच्यावरच्या वर्णपटमापकात जर्मेनियमचे १९ शोधक होते. त्यांच्याभोवती नको असलेले किरण ओळखायला सुमारे ५०० किलोचं स्फटिकांचं कवच. एवढं करूनही बहुतेक नोंदी गोंगाटाच्याच. दिशा कशी कळायची? वर टंगस्टनची भोकं पाडलेली जाळी, तिची सावली खाली पडायची. खिडकीच्या जाळीचं ऊन जमिनीवर कुठे पडलंय यावरून सूर्य कुठे आहे ते सांगावं, तसं. त्या उपकरणाला अडीच अंशांपेक्षा बारीक काही सुटं दिसत नव्हतं. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा. म्हणजे पाच चंद्र ओळीने ठेवले तर तेवढी जागा त्याला एकच ठिपका. म्हणून मास्तरांनी सांगितलेल्या पॉझिट्रॉनांचं घर अजून सापडत नाही.

भिंग काय करतं, तर गोळा करणं आणि मोजणं या दोन कामांची फारकत करतं. परात मोठी, शोधक वाटीएवढा. चौरस मीटरभर स्फटिकांवर पडलेले किरण काही सेंटीमीटरच्या ठिपक्यात. गोंगाट मात्र त्या वाटीपुरताच. मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आरसे का चालत नाहीत असं कुणी विचारेल. क्ष-किरणांना चालतात, अगदी निसटत्या कोनात. २०१२ साली गेलेल्या नुस्टार या अवकाश दुर्बिणीने ते ७९ केईव्हीपर्यंत नेलं, त्याच्या आरशांवरच्या प्लॅटिनमची मर्यादा तिथे येते. त्याच्या वर स्फटिकांशिवाय हाताशी फारसं काही नाही.

---

शहापूर_पेठ

रोहिणीताई, छान लिहिलंय. पण मी सरळ विचारतो. एवढं गुणाचं आहे तर आजवर किती उपग्रहांवर बसवलंय? कागदावर पुष्कळ गोष्टी चालतात.

---

रोहिणी_खानापूर

उपग्रहावर एकही नाही. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं.

पण आकाशात एकदा तरी चाललंय, फुग्यावर. फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाचा क्लेअर नावाचा प्रयोग, पीटर फॉन बालमूस यांचा. १४ जून २००१, आल्प्समधल्या गॅप गावाजवळून फुगा सोडला, तो सुमारे ४० किलोमीटर वर गेला. टायटॅनियमच्या चौकटीवर ८ धावांत ५५६ स्फटिक, जर्मेनियममध्ये थोडं सिलिकॉन मिसळून बर्लिनमध्ये वाढवलेले. भिंगाचा व्यास ४५ सेंटीमीटर, पावणेतीन मीटरवर ठिपका, ऊर्जा १७० केईव्ही. नेम धरला कर्क अभ्रिकेवर, म्हणजे १०५४ साली चिनी लोकांनी दिवसा पाहिलेल्या ताऱ्याच्या अवशेषावर. आत्ताच्या दिवसांत रात्री नऊनंतर पूर्वेला वृषभ बघा, त्याच्या शिंगाच्या टोकाशी आहे ती. जांबोटीच्या अंधारात चांगल्या दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसतो.

नेम नीट बसलेला वेळ ७२ मिनिटं. आणि भिंगातून आलेले फोटॉन, ३३.

तेहतीस! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. माणसाने भिंगाने गोळा केलेले आकाशातले पहिले तेहतीस गॅमा किरण.

---

शहापूर_पेठ

३३ म्हणजे फार थोडे. गोंगाटातून निवडलेले, म्हणजे चूकही असू शकते.

---

रोहिणी_खानापूर

असू शकते, पण फार कमी. सांख्यिकीच्या भाषेत तीन सिग्मा, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या तिप्पट. नुसत्या योगायोगाने असं दिसायची शक्यता हजारात एक-दोनपेक्षा जास्त नाही. शिवाय त्यांनी त्याच भिंगाची जमिनीवर परीक्षा घेतली. स्पेनमधल्या एका छोट्या विमानतळावर, फिगेरासजवळ, २०५ मीटर लांबून किरण सोडून. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळाच्या धावपट्टीवर एका टोकाला स्रोत ठेवायचा आणि बरंच पुढे जाऊन भिंग उभं करायचं, असं डोळ्यांपुढे आणा. जमिनीवरचं माप आणि आकाशातलं माप जुळलं. तुमचा प्रश्न योग्यच आहे, पण एकट्या ३३वर कुणी डोलारा उभा केलेला नाही.

---

ऊसमळा_रात्रपाळी

गळीत हंगाम सुरू झालाय, रात्रपाळीत पॅनवर, म्हणजे पाक आटवायच्या भांड्यावर आहे, अधूनमधून वाचतोय. साखर कारखान्यात पॅनमनचं सगळं कौशल्य दाण्यात असतं. पाक ठराविक घट्ट झाला की बी सोडायचं, दाणा धरला की सावकाश वाढवायचा. घाई केली की खोटा दाणा पडतो, बारीक चुरा, सगळा घाण, म्हणजे एका वेळची खेप, बिघडतो. तुमचे तांब्याचे नि जर्मेनियमचे दाणे कसे वाढवतात? आणि तिथे पण खोटा दाणा पडतो का?

---

रोहिणी_खानापूर

मामा, पद्धत बरीचशी तुमच्यासारखीच. जर्मेनियम वितळवून त्यात बी टेकवतात आणि हळूहळू फिरवत वर ओढतात. चोख्राल्स्की या पोलिश माणसाने १९१६मध्ये शोधलेली रीत. तांबं साच्यात वितळवून एका टोकाकडून सावकाश थिजवत आणतात. फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या संस्थेत असे तांब्याचे स्फटिक केले, आणि त्या संस्थेच्या नावातच लाउए आहेत.

खोट्या दाण्याबद्दल मात्र गंमत ऐका. इथे अगदी निर्दोष स्फटिक नको असतो! निर्दोष असला तर तो इतक्या अरुंद ऊर्जेचे किरण वळवतो की हाती काही लागत नाही. थोडा बिघडलेला हवा, म्हणजे आत बारीक बारीक ठोकळे, एकमेकांशी कलेच्या आसपास तिरके. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. प्रत्येक ठोकळा थोडी वेगळी ऊर्जा उचलतो, मिळून पट्टा रुंद होतो. ठोकळे फार तिरके झाले तर ठिपका फिसकटतो. किती बिघडवायचा हे जमणं हेच वाढवणाऱ्याचं कसब.

---

ऊसमळा_रात्रपाळी

समजलं. आमच्यात पण दाणा एकसारखा हवा, पण फार मोठा झाला तर बाजारात चालत नाही. हात बसायला वर्षं जातात. पॅन उतरवायची वेळ झाली, उद्या वाचतो.

---

उद्यमबाग_टूलरूम (धागाकर्ता)

रोहिणी, तुझं गोळा करणं-मोजणं वाचून डोक्यात लख्ख झालं. आता माझ्या कामाचा प्रश्न. हे तुकडे लावतात कसे? किती मायक्रॉनची गोष्ट आहे?

---

रोहिणी_खानापूर

आकडे करून बघूया. २० मीटरवर ठिपका आणायचा आहे. एक तुकडा १० विकला चुकला, म्हणजे अंशाच्या ३६०व्या भागाने, तर किरण दुप्पट चुकतो आणि ठिपका जवळजवळ २ मिलिमीटर सरकतो. तुकडा १५ मिलिमीटरचा धरला तर ही १० विकलांची चूक म्हणजे त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा पाऊण मायक्रॉन वर. असे हजारो तुकडे.

क्लेअरमध्ये प्रत्येक तुकडा लवचिक पट्टीवर बसवून स्क्रूने कोन साधला होता. सुमारे १४ मीटरवर क्ष-किरणांचा स्रोत ठेवायचा, एकच तुकडा उघडा ठेवायचा, स्क्रू फिरवत मोजत राहायचं, मग पुढचा तुकडा. ५५६ वेळा. इटलीतल्या फेरारा विद्यापीठात फिलिप्पो फ्रॉन्तेरा यांच्या गटाने २० मीटरच्या भिंगासाठी स्क्रू सोडून तुकडे थेट चौकटीला चिकटवायची वाट धरली. वजन वाचतं. पण गोंद वाळताना आकसतो आणि तुकडा हलतो. हवेतला दमटपणा बदलला तरी फरक पडतो.

---

उद्यमबाग_टूलरूम (धागाकर्ता)

पाऊण मायक्रॉन! आमच्या टूलरूममधला रोजचा डायल १० मायक्रॉनचा. चांगला घेतला तर १ मायक्रॉनचा, तोही हात लावून ठेवला तर उबेने सरकतो.

गोंदाचं मला चांगलं ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाच्या फिक्श्चरमध्ये लोकेटिंग पिना चिकटवल्या होत्या. संध्याकाळी सगळ्या मापात, सकाळी एकही नाही. तीन दिवसांचं काम काढून परत केलं.

---

चिकोडी_मास्तर

सपाट तुकडे आणि वाकवलेले तुकडे यावरही कुणी लिहावं. मला वाटतं मुद्दा तिथेच अडलेला आहे.

---

रोहिणी_खानापूर

बरोबर, मास्तर. सपाट तुकड्यातून किरण समांतर बाहेर पडतात, म्हणून ठिपका तुकड्यापेक्षा लहान होऊच शकत नाही. शिवाय ठोकळ्याठोकळ्यांच्या स्फटिकाचं एक दुखणं आहे. वळलेला किरण पुढच्या ठोकळ्यात परत वळून मूळ वाटेला लागू शकतो. त्यामुळे कितीही केलं तरी निम्म्यापेक्षा जास्त किरण ठिपक्यापर्यंत पोचत नाहीत. थर किंचित वाकवले तर एकदा वळलेल्या किरणाला परत तो कोन भेटत नाही, निम्म्याची मर्यादा ओलांडता येते आणि ठिपकाही बारीक होतो.

वाकवायची रीत तुम्हाला आवडेल अण्णा. गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ चकतीचा एक पृष्ठभाग घासतात. घासलेल्या थरात ताण राहतो आणि चकती आपोआप कमान धरते. जर्मेनियमवर बारीक चर पाडले तरी तेच होतं. हेही काम इटलीतलंच.

---

उद्यमबाग_टूलरूम (धागाकर्ता)

अहो, हा तर आमचा रोजचा शत्रू! पातळ प्लेट सरफेस ग्राइंडरवर घेतली की मॅग्नेटवरून सोडल्या सोडल्या केळीच्या पानासारखी वाकते. मग उलटून घासा, परत उलटा, कूलंट वाढवा, सगळं ती सरळ राहावी म्हणून. आणि तिकडे तोच वाक मोजून-मापून हवाय. किती घासलं म्हणजे किती कमान, याचा तक्ता त्यांच्याकडे असणार. तो मला बघायचा आहे.

---

शहापूर_पेठ

माझी मुख्य शंका राहिलीच. अशी दुर्बीण एका वेळी एकाच ऊर्जेचे किरण बघणार, आकाशाचा एवढासा तुकडा बघणार, आणि तिला २० मीटर लांबी लागणार. यापेक्षा सगळं आकाश बघणारं यंत्र बरं नाही का?

---

रोहिणी_खानापूर

तिन्ही उणिवा खऱ्या आहेत, दादा. त्यातली पहिली थोडी सैल करता येते. थर तेच ठेवले तर बाहेरच्या धावा कमी ऊर्जा आणतात, आतल्या जास्त. स्फटिकांची जात नि धावांची संख्या वाढवून पट्टा रुंद करता येतो, आणि फेरारातल्या गटाची पुढची कल्पना ५० ते ७०० केईव्हीची आहे. लांबीसाठी दोन याने वेगवेगळी उडवायची असाही प्रस्ताव होता. मॅक्स नावाचा, एकावर भिंग, ८६ मीटर मागे दुसऱ्यावर शोधक. तो प्रस्तावच राहिला.

सगळं आकाश बघणारी यंत्रंही हवीतच. नासाचं कोसी २०२७मध्ये सोडायचं ठरलंय, ते तसंच आहे. आपल्या ॲस्ट्रोसॅटवर, जो २८ सप्टेंबर २०१५ला गेला, सावलीच्या जाळीचाच शोधक आहे, आणि त्याने कर्क अभ्रिकेच्या किरणांचं ध्रुवीकरण मोजून दाखवलं. पण ती यंत्रं सांगतात 'तिकडे काहीतरी आहे'. तिकडे नेम धरून बारकाईने बघायला दुसरं काहीतरी लागतं. रानात हाकारे वेगळे, नेम धरणारा वेगळा.

मॅक्सने दोन ऊर्जा निवडल्या होत्या, ५११ आणि ८४७. दुसरी का, ते फौंड्रीवाल्यांसाठी मुद्दाम सांगते. एका जातीच्या तारकास्फोटात निकेल-५६ ढिगाने तयार होतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६ दिवस, त्याचं होतं कोबाल्ट-५६. त्याचं अर्धायुष्य ७७ दिवस, त्याचं होतं लोखंड-५६. कोबाल्टचं लोखंड होताना ८४७ केईव्हीचा किरण सुटतो. २०१४मध्ये सप्तर्षींच्या दिशेला, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरच्या एम-८२ दीर्घिकेत असा स्फोट झाला, तेव्हा इंटेग्रलला हा किरण दिसला. पण असे जवळचे स्फोट क्वचित होतात. लांबचे बघायचे तर भिंगच हवं.

---

उद्यमबाग_टूलरूम (धागाकर्ता)

रोहिणी, हे दोनदा वाचलं. ७७ दिवस! आमच्या इरिडियमच्या गोळीचं अर्धायुष्य ७४. रेडिओग्राफीवाल्याच्या खिशात तक्ता असतो, आज गोळी किती उतरली ते बघून एक्स्पोजरची मिनिटं ठरवायची. त्या तारकास्फोटाचंही तसंच. अडीच महिन्यांनी निम्मा, पाच महिन्यांनी पाव.

आणि आपण भट्टीत ओततो त्या लोखंडातलं नव्वद टक्क्यांहून जास्त लोखंड-५६च. बावीस वर्षं हे वितळलेलं लोखंड बघतोय, ते जन्मताना कुठला किरण सुटला होता हे आज कळलं. पोरांना शेडमध्ये सांगितलं, मोल्डिंगवाला बसवण्णा लाडलं (लोखंड ओतायचं भांडं) घेऊन तसाच थांबला, म्हणाला परत सांगा.

---

जांबोटी_वाटाड्या

रोजच्या पोटापाण्याशी संबंध नसलेल्या विषयावर एवढं प्रेमाने बोलणारी माणसं आपल्या भागात आहेत याचा आनंद झाला. डिसेंबरच्या अवसेला कर्क अभ्रिका बघायला इकडे या. दुर्बीण माझ्याकडे आहे, आठ इंची. आमच्या घरी राहायची सोय होईल. पांघरूण आणा, थंडी असते.

---

उद्यमबाग_टूलरूम (धागाकर्ता)

बारा दिवसांनी धागा वर आणतोय, कारण सांगण्यासारखं झालंय.

भाची नववीत आहे, तिच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नमुना करायला घेतला. स्फटिक कुठून आणणार, म्हणून आरशाचे तुकडे. १५ मिलिमीटरचे चौकोन, २४. प्लायवुडवर ४० सेंटीमीटरची धाव, प्रत्येक तुकड्याखाली तीन बारीक स्क्रू. सूर्याकडे तोंड करून सगळ्यांचा कवडसा ३ मीटरवरच्या पुठ्ठ्यावर एका जागी आणायचा. किरण आरपार जात नाहीत, मागे फिरतात, एवढा फरक आहे हे तिला सांगितलंय.

पहिली अडचण, सूर्य थांबत नाही. ३ मीटरवर कवडसा मिनिटाला १३ मिलिमीटर पळतो. दोन तुकडे लावेपर्यंत पहिला निघून गेलेला. मग भाचीला फळी हळूहळू फिरवायला बसवलं आणि मी स्क्रूवर. क्लेअरवाल्यांनी ७२ मिनिटं फुग्याला लोंबकळत नेम कसा धरला असेल, हे तेव्हा समजलं.

दुसरी, ठिपका काही केल्या सव्वाचार सेंटीमीटरच्या खाली येईना. मला वाटलं माझंच चुकतंय. मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, तुकडा दीड सेंटीमीटरचा, आणि सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं, त्याचे ३ मीटरवर २.८ सेंटीमीटर होतात. बेरीज करा. केली, ४.३. सपाट तुकड्याचा ठिपका तुकड्यापेक्षा लहान होत नाही हे रोहिणीने लिहिलं होतं, पण पुठ्ठ्यावर फूटपट्टी ठेवून मोजल्यावर पटलं. आता तुकडे निम्मे कापून ४८ करायचा विचार आहे.

पुठ्ठ्यामागे भाचीने थर्मामीटर लावलाय. एका तुकड्याचं ऊन असताना पारा हललाच नाही. चोवीस झाल्यावर पाच मिनिटांत ११ अंश चढला. ती वहीत लिहून घेतेय, तुकडे आणि अंश, दोन रकाने.

काल रात्री स्क्रू हलू नयेत म्हणून सगळ्यांवर गोंदाचा थेंब सोडला. आज सकाळी उन्हात नेलं तर पाच तुकड्यांचे कवडसे ठिपक्याबाहेर. प्रदर्शन शनिवारी आहे. ते पाच सोडवून परत लावतोय, या वेळी गोंद थोडा थोडा, तिन्ही बाजूंनी सारखा. रोहिणी, फेरारावाले हे कसं सांभाळतात ते शनिवारच्या आत सांगता आलं तर बघ.